जुनी मोटरसायकल घेताना: इंजिन बांधता येते, चेसिस आणि कागद नाही

कोल्हापुरात जुनी गाडी बघायला जाताना बहुतेक जण ओळखीचा मिस्त्री सोबत नेतात. मिस्त्री किक मारतो, दोन-चार वेळा रेस देतो, कान लावून ऐकतो आणि ‘इंजिन ओके’ म्हणतो. तेवढ्यावर इसार दिला जातो. पण शंभर-दीडशे सीसीच्या गाडीत सगळ्यात सहज दुरुस्त होणारी मोठी गोष्ट कुठली असेल तर ती इंजिनच. उद्यमनगरात बोअर मारून, नवा पिस्टन आणि रिंगा घालून इंजिन पुन्हा उभे करता येते. खर्च होतो, पण काम होते. वाकलेली चेसिस, पुरात बुडालेले वायरिंग आणि अडकलेले कागद यांचे तसे नाही. म्हणून तपासणीचा क्रम उलटा ठेवा: आधी कागद, मग चेसिस, मग थंड इंजिन आणि शेवटी फेरी.

घरातून निघण्याआधी

गाडीचा नंबर फोनवरच मागून घ्या. एमपरिवहन ॲपवर तो टाकला की नोंदणीची तारीख, विम्याची आणि पीयूसीची मुदत, कर्जाचा बोजा आणि नोंदणी कधीपर्यंत वैध आहे हे दिसते. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर दर ५ वर्षांनी गाडी दाखवून नूतनीकरण करावे लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. चौदा वर्षांची गाडी स्वस्त वाटते, पण वर्षभरातच हा खर्च तुमच्या गळ्यात पडणार आहे, हे भाव ठरवतानाच धरा. थकलेली ई-चलने महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या चलन पोर्टलवर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे ४ अंक टाकून बघता येतात. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेली असेल तर उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवली आहे का हेही विचारा, नाहीतर नाव बदलताना काम अडते.

आरसीवर बँकेचे किंवा फायनान्स कंपनीचे नाव असेल तर तो बोजा आहे. ‘कर्ज फिटलंय, एनओसी आणायची तेवढी राहिलीय’ हे वाक्य फार वेळा ऐकायला मिळते. ती एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ मालकाने आधी आणावा, पैसे नंतर. कर्ज खरोखर फिटले असेल तर त्याला हे जड जाणार नाही.

निपाणी, चिक्कोडीकडच्या केए २३ किंवा बेळगावच्या केए २२ पासिंगच्या गाड्या इथे हमखास स्वस्त मिळतात, आणि त्याला कारण आहे. दुसऱ्या राज्याची गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवायची तर नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी तिकडच्या आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी लागते आणि इथला कर पुन्हा भरावा लागतो. तिकडे भरलेल्या कराचा परतावा मागण्याचा हक्क असतो, पण त्यासाठीचे हेलपाटे तुमचे. हा सगळा हिशेब केल्यावर एमएच ०९ ची, म्हणजे कोल्हापूर पासिंगची गाडी महाग राहते का ते बघा.

नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. बाजारात यांनाच टीटी फॉर्म म्हणतात. कोऱ्या टीटी फॉर्मवर सही घेऊन, स्टॅम्पपेपरवर नोटरी करून गाडी वर्षानुवर्षे वापरणारे खूप आहेत. नोटरी म्हणजे हस्तांतरण नव्हे. कायद्याने विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्या मालकावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणजे नाव बदलून घेण्याची गरज विकणाऱ्यालाही तेवढीच आहे. ही गोष्ट त्याला समजावून सांगा, सही मिळायला सोपे जाते. मालक मयत असेल तर फॉर्म ३१ आणि वारसांचे कागद लागतात. एका भावाची सही मिळाली म्हणून पैसे देऊ नका, दुसरा भाऊ नंतर उभा राहतो. गाडी जुन्या गाड्यांच्या डीलरकडे असेल तर त्याचे आरटीओचे प्राधिकारपत्र मागा. १ एप्रिल २०२३ पासून ते बंधनकारक आहे.

विम्याचा कागद नीट वाचा. पूर्ण विमा असेल तर त्यावर नो क्लेम बोनसचा टक्का छापलेला असतो. पाच-सहा वर्षांच्या गाडीवर तो शून्य असेल, तर एकतर गेल्या वर्षी क्लेम घेतला आहे किंवा विमा मध्येच खंडित झाला होता. क्लेम कशाचा होता ते थेट विचारा. अपघाताचा असेल तर पुढची चेसिसची तपासणी दुप्पट काळजीने करा.

नंबर हाताने तपासा

चेसिस नंबर बहुतेक गाड्यांवर हँडलखालच्या नळकांड्यावर, म्हणजे स्टिअरिंग हेडवर असतो आणि इंजिन नंबर क्रँककेसवर. हँडल डावीकडे वळवून टॉर्च मारा. अलीकडच्या गाड्यांत चेसिस नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे कधीच नसतात. कागद ठेवून पेन्सिल घासा, ठसा उमटेल. सगळे अंक सारख्या खोलीचे आणि एका ओळीत हवेत. आजूबाजूला घासल्याच्या खुणा किंवा तेवढ्याच भागावर ताजा रंग असेल तर तिथूनच परत फिरा. इंजिन नंबर आरसीशी जुळत नसेल आणि इंजिन बदलल्याची नोंद आरटीओत नसेल, तर ती गाडी कितीही चांगली चालत असली तरी सोडा.

चेसिस

गाडी मेन स्टँडवर उभी करा आणि दहा फूट मागे जाऊन गुडघ्यावर बसा. मागचे आणि पुढचे चाक एका रेषेत दिसले पाहिजे. मग हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. हँडल जिथे अडते तिथे चेसिसवर दोन छोटे लोखंडी ठोकळे असतात. समोरून जोरात धडकलेल्या गाडीत यातला एक चेपलेला, तुटलेला किंवा पुन्हा वेल्डिंग केलेला सापडतो. टाकी, हेडलाइट, मडगार्ड सगळे नवे बसवून अपघात झाकता येतो, पण या ठोकळ्यांकडे कुणाचे लक्ष जात नाही. सगळ्या तपासणीत आमचा सगळ्यात जास्त विश्वास यांच्यावर आहे.

सीटखालची आणि फूटरेस्टजवळची वेल्डिंग बघा. कंपनीची वेल्डिंग सलग आणि एकसारखी असते. गाठी-गाठींची, वरून ब्रशने रंगवलेली असेल तर तिथे चेसिस तुटली होती. एका बाजूचा सायलेन्सर, फूटरेस्ट, ब्रेक लिव्हरचे टोक आणि हँडलचे टोक सगळे घासलेले असेल तर गाडी त्या बाजूला सरकली आहे. नुसते उभ्या-उभ्या पडल्याच्या खुणा मात्र मनावर घेऊ नका.

पुढचे चाक उचलून हँडल अगदी हळू फिरवा. मधोमध, सरळ रेषेत, ‘टक’ करून अडकल्यासारखे वाटले तर कोनसेट, म्हणजे हँडलचे बेअरिंग गेले आहे. बेअरिंगच्या गोळ्यांनी एकाच जागी खड्डे पाडलेले असतात, म्हणून सरळ चालताना गाडी तिथेच बसू बघते. तो बदलता येतो. मग पुढच्या शॉकअपच्या नळ्या धरून पुढे-मागे हलवा, खडखड नको. नळीवर तेलाचा ओघळ म्हणजे ऑइल सील गेले. नळीवर गंजाचे टोचे असतील तर नवे सीलही थोड्याच दिवसांत फाटते, मग नळीच बदलावी लागते. मागचे चाक धरून डावी-उजवीकडे झटका द्या. चाकाबरोबर अख्खा स्विंग आर्म हलत असेल तर त्याचे बुश झिजलेत.

या जिल्ह्यात एक गोष्ट वेगळी बघावी लागते. दुधाच्या किटल्या वाहिलेली गाडी. मागे दोन्ही बाजूंना जड कॅन, रोज सकाळ-संध्याकाळ गावच्या रस्त्यावरून. कॅरिअर काढून टाकलेले असते, पण त्याच्या बोल्टच्या घासलेल्या खुणा, सीटखालच्या नळीतल्या चिरा आणि बसलेले मागचे शॉकअप राहतात. मीटरवर रनिंग कमी दिसले तरी मागचा अर्धा भाग थकलेला असतो.

पुराची गाडी

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही पुरांत पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली होती. तिथे धोक्याची पातळीच ४३ फुटांची आहे. शाहूपुरी कुंभार गल्ली, सुतारवाडा, नागाळा पार्कचा भाग, आंबेवाडी, चिखली, शिरोळ तालुका, सगळीकडे गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यातल्या कितीतरी गाड्या धुऊन-पुसून आजही फिरत आहेत. पूरभागातला मालक म्हणून त्याच्यावर संशय घेऊ नका. अनेकांनी गाड्या वेळेत वर काढल्या होत्या, आणि बुडालेली गाडी दोन हातांनंतर भलत्याच तालुक्यात विकायला येऊ शकते. बघायचे ते गाडीकडे.

वॉशिंगचा पाइप जिथे पोचत नाही तिथे गाळ बसून राहतो. हेडलाइटचे दोन स्क्रू काढून आत बघा. टाकीखालचा चेसिसचा पट्टा, बॅटरीच्या ट्रेचा तळ, एअर फिल्टरच्या डब्याचे कोपरे, मागच्या ड्रममधला ब्रेक शूचा भाग. वाळलेला, बोटाने भुकटी होणारा बारीक गाळ सापडला की प्रश्न मिटला. सीटखालचे वायरिंगचे दोन-तीन कपलर काढून आतल्या पितळी पिना बघा. हिरवा-पांढरा थर म्हणजे पाण्यात राहिल्याची खूण. हे वायरिंग आज चालते आणि पुढच्या पावसाळ्यात बंद पडते, कारण गंज तारेच्या वेष्टनाआड पुढे सरकत राहतो.

इंजिनात पाणी गेलेले असताना कुणी स्टार्टर मारला असेल तर नुकसान आणखी खोल. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पिस्टन वर येताना पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. थोडासा वाकलेला रॉड गाडी चालू द्यायला आडवा येत नाही, पण पिस्टन तिरका घासत राहतो. ऑइलची काडी बाहेर काढल्यावर ऑइल चहासारखे दुधाळ दिसले तर आत पाणी आहे.

थंड इंजिन

जाण्याआधी सांगून ठेवा की गाडी चालू करून ठेवू नका. पोचल्यावर पहिल्यांदा हेडला हात लावा. गरम असेल तर तासभर थांबा किंवा दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिनच खरे बोलते.

चालू करण्याआधी किक हाताने हळू दाबा. एका जागी चांगला जोर लागला पाहिजे. किक लोण्यासारखी खाली गेली तर कॉम्प्रेशन नाही. मग चालू करा आणि दुसऱ्या माणसाला सायलेन्सरमागे उभे करा. पहिला निळसर भपका येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील गेलेत. रेस सोडून पुन्हा दिल्यावर निळा धूर आला तर सील किंवा गाइड. रेस धरून ठेवल्यावर सतत निळा येत असेल तर रिंगा आणि बोअर, म्हणजे इंजिन उघडायचे काम. काळा धूर पेट्रोल जास्त जाण्याचा, तो बहुधा चोक, एअर फिल्टर किंवा कार्ब्युरेटरवर मिटतो. थंडीच्या सकाळी थोडी पांढरी वाफ निघाली तर ते नुसते पाणी आहे.

टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा हलका टिकटिक आवाज असलेला बरा. तो बंद व्हावा म्हणून काही जण टॅपेट जास्त आवळतात. मग व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, त्याची कड जळते आणि कॉम्प्रेशन जाते. अगदी शांत इंजिन गरम झाल्यावर स्लोला झुलत असेल किंवा बंद पडत असेल तर हीच शंका घ्या. बाजूने येणारी खरखर टायमिंग चेनची. खालून येणारा, लोड दिल्यावर वाढणारा जाड ठकठक आवाज मात्र क्रँकचा, आणि तो सगळ्यात महाग. इंजिनात १०डब्ल्यू-३० ऑइल हवे असताना त्याहून जाड २०डब्ल्यू-५० भरून आवाज आणि धूर काही दिवस दाबता येतो. म्हणून काडीवरचे ऑइल अगदी कोरे दिसले तर केव्हा बदलले, कुठले टाकले ते विचारा.

हेड आणि ब्लॉकच्या सांध्यात बाहेर आलेला सिलिकॉनचा पट्टा, डोकी झिजलेले बोल्ट दिसले तर इंजिन उघडलेले आहे. उघडलेले इंजिन वाईट नसते. लेथवाल्याचे बोअरिंगचे बिल आणि पिस्टनचा साइझ मालकाला सांगता आला तर उलट चांगले. काहीच सांगता येत नसेल तर धोका.

आरएक्स १०० साठी कोल्हापुरात आजही रांग लागते, म्हणून तिच्याबद्दल थोडे जास्त. १९९६ मध्ये बंद झालेली गाडी, म्हणजे नोंदणीचे नूतनीकरण झाले आहे का हा पहिला प्रश्न. टू-स्ट्रोक असल्याने निळा धूर तिचा स्वभाव आहे, त्याला घाबरू नका. पण गरम झाल्यावरही धुराचे लोट निघत असतील आणि गिअर ऑइल कमी होत असेल तर क्लचकडचे क्रँक सील फाटले आहे. ऑइल आतून ओढून जळते. मॅग्नेटोकडचे सील गेले तर तिथून हवा शिरते, रेस सोडल्यावरही इंजिन खाली यायला वेळ लावते आणि पिस्टन चिकटण्याची भीती असते. ओव्हरसाइझ पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिलिमीटरच्या टप्प्यांत मिळतात. आता कितवा टप्पा आहे ते विचारा. १.०० वर पोचलेल्या ब्लॉकला पुढे स्लीव्ह, म्हणजे आत नवे नळकांडे टाकावे लागते.

फेरी

फेरीआधी विमा चालू असल्याची खात्री करा, हेल्मेट घाला. नुसती कॉलनीत चक्कर मारून काही कळत नाही. मालक तयार असेल तर केर्लीवरून जोतिबाचा किंवा वाघबीळवरून पन्हाळ्याचा चढ घ्या, दोघे बसून. चढावर वरच्या गिअरमध्ये रेस वाढवा. इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट घसरतात. दुसऱ्या गिअरमध्ये जोर देऊन झटकन रेस सोडा. गिअर निसटून न्यूट्रलला आला तर गिअरबॉक्सचे काम आहे आणि त्यासाठी इंजिन पूर्ण उघडावे लागते.

सरळ रिकाम्या रस्त्यावर ४० च्या वेगात हँडलवरची पकड थोडी सैल करा, हात काढू नका. गाडी सतत एका बाजूला ओढत असेल तर चाक, शॉकअप किंवा चेसिस, यातले काहीतरी सरळ नाही. उतरणीला पुढचा ब्रेक हळूहळू दाबा. लिव्हर बोटाला धडधडत असेल तर डिस्क वाकलेली. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते. एबीएसचा दिवा चावी फिरवल्यावर लागून गाडी चालू लागताच विझला पाहिजे. इंजिनाचा पिवळा दिवाही चावीबरोबर लागतो आणि चालू केल्यावर विझतो. चावी फिरवूनही तो लागतच नसेल तर दोष लपवायला कुणीतरी तो बंद केला असण्याची शक्यता आहे.

परत आल्यावर गाडी बंद करून गरम असतानाच पुन्हा चालू करा, आणि इंजिनाखाली वर्तमानपत्र पसरून दहा मिनिटे थांबा. गळती गरम इंजिनालाच दिसते. मल्टीमीटर असेल तर बॅटरीवर लावा: बंद असताना साधारण १२.५ व्होल्ट, चालू करून रेस दिल्यावर १३.५ ते १४.५. वाढतच नसेल तर चार्जिंग नाही, १५ च्या वर गेले तर रेक्टिफायर गेला.

मीटरचा आकडा फिरवता येतो, डिजिटलचाही. त्याऐवजी ब्रेक पेडलचा तळवा, फूटरेस्टचे रबर, हँडलच्या मुठी आणि चावीची झीज बघा. १५ हजार किलोमीटरच्या गाडीचे पेडल गुळगुळीत होत नाही. चेनसाठी मागच्या स्प्रॉकेटवर चेन बोटाने मागे ओढा. दात अर्ध्याहून जास्त उघडा पडला तर चेनसेट संपला. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सहा वर्षांचा टायर कडक होतो आणि पावसात घसरतो. दोन टायर, चेनसेट आणि बॅटरी मिळून साध्या गाडीलाही सहा-आठ हजार रुपये लागतात. भाव करताना ‘थोडं कमी करा’ म्हणण्यापेक्षा हे आकडे कागदावर लिहून समोर ठेवा.

सायलेन्सर बदललेला असेल तर मूळचा मागून घ्या. दुसरी चावी आणि सर्व्हिस बुकही.

ताब्याच्या पावतीवर तारखेबरोबर वेळ लिहा, दोघांच्या सह्या घ्या. त्या मिनिटाच्या आधीचे चलन त्याचे, नंतरचे तुमचे. थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर येतो, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचा भाग नावावर करायला विमा कंपनीला १४ दिवसांत कळवा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, त्यामुळे हप्त्याचा फरक भरावा लागेल.

पहिल्याच आठवड्यात ऑइल, ऑइल फिल्टर असेल तर तो आणि एअर फिल्टर बदला, टॅपेट सेट करून घ्या. काडीवर ऑइल वरच्या खुणेला आणा आणि किलोमीटर लिहून ठेवा. या गाड्यांत ऑइल साधारण एक लिटरच असते. ५०० किलोमीटरनंतर सपाट जागी, मेन स्टँडवर पुन्हा काडी बघा. पातळी खालच्या खुणेकडे गेली असेल आणि बाहेर कुठे गळती नसेल तर ऑइल जळत आहे. तेव्हा इंजिन बांधायचे पैसे बाजूला काढून ठेवा आणि तोपर्यंत दर आठवड्याला काडी बघत गाडी चालवा.